पोलिसात नवीन लागलात? ड्युटीवर तब्येत कशी सांभाळायची आणि काही झालं तर कागद कसे करायचे

गोवा पोलिसांचं वाळपईचं ट्रेनिंग संपवून पहिल्यांदा पोलिस स्टेशनला, ट्रॅफिक सेलला किंवा आयआरबीत (इंडिया रिझर्व्ह बटालियनमध्ये) हजर होणाऱ्या मुलामुलींसाठी हे लिहितेय. कायदा, परेड, फायरिंग सगळं शिकवलं जातं, पण कंबर, कान, फुफ्फुस, झोप यांचं या नोकरीत पुढे काय होतं आणि ते आधीच कसं आवरायचं हे आपण सिनियर लोकांकडे बघून शिकतो, आणि बघून शिकताना त्यांच्या चुकीच्या सवयीपण उचलतो. मी ट्रॅफिकला होते, मग स्टेशनला आले, मुद्देमालही (जप्त केलेला माल) सांभाळला, त्यामुळे जे प्रत्यक्ष उपयोगी पडतं तेवढंच सांगते.

पोलिस स्टेशन म्हणजे कारखाना नाही. कारखाने तपासणारा इन्स्पेक्टर येऊन इथे एक्झॉस्ट फॅन चालतो का, हातमोजे आहेत का असं विचारत नाही. ते आपल्यालाच बघावं लागतं आणि आपल्यालाच लिहून ठेवावं लागतं. दुखापत झाली तर उपचार होतात हो, सरकारी इस्पितळं आहेत, पण "हे ड्युटीमुळे झालं" असं नंतर म्हणायचं असेल तर त्या दिवशीचा कागद लागतो. तो नसेल तर सगळ्यांना खरं माहीत असूनही कोणी काही करू शकत नाही.

१) हजर झाल्यावर पहिल्या महिन्यात स्वतःची फाइल करा

भरतीच्या मेडिकलची कॉपी मिळत असेल तर मागून घ्या. ती मिळो न मिळो, जवळच्या आरोग्य केंद्रात किंवा जिल्हा इस्पितळात जाऊन या गोष्टी करून घ्या:

- बीपी, उपाशीपोटी साखर, वजन
- डोळ्यांची तपासणी
- कानांची ऑडिओमेट्री, म्हणजे किती ऐकू येतं त्याची तपासणी (ही कोणी करत नाही, पण तुम्ही करा)
- धनुर्वाताचं इंजेक्शन शेवटचं कधी घेतलं त्याची नोंद
- हेपटायटीस बी लसीचे तीन डोस: आज, एक महिन्याने आणि सहा महिन्यांनी

ऑडिओमेट्रीचं मुद्दाम सांगते. आवाजाने कान जातात तेव्हा आधी उंच पट्टीचे आवाज जातात, माणसाला स्वतःला कळत नाही, घरचे म्हणायला लागतात टीव्हीचा आवाज किती मोठा. नोकरीच्या सुरुवातीचा चांगला रिपोर्ट फाइलला असला तर पुढचा रिपोर्ट त्याच्याशी ताडून बघता येतो. तो नसेल तर "तुमचे कान आधीपासूनच असे असतील" एवढं म्हटलं की विषय संपला.

हेपटायटीस बीचा तिसरा डोस लोक विसरतात. बदली होते, बंदोबस्त लागतो आणि राहून जातं. मोबाइलला आत्ताच रिमाइंडर लावा. तिसऱ्या डोसनंतर एक-दोन महिन्यांनी अँटीबॉडी टेस्ट करून घेतली तर लस लागली की नाही तेही कळतं.

२) आपल्या ड्युटीतले धोके एका वहीत उतरवा

एक शंभर पानी वही घ्या आणि आठवडाभर बघा: कुठे उभं राहता, काय उचलता, काय नाकात जातं, किती वेळ लघवीला जाता येत नाही, रात्री घरी कसे जाता. मग प्रत्येक गोष्टीपुढे विचार करायचा, ही मुळात टाळता येईल का? टाळता येत नसेल तर माणूस तिच्यापासून लांब ठेवता येईल का, किंवा वेळ कमी करता येईल का? मास्क, ग्लोव्हज, इअरप्लग हे सगळ्यात शेवटी. आपल्याकडे उलट चालतं, आधी मास्क वाटतात आणि मग म्हणतात झालं काम. धूर सोडणाऱ्या बसच्या मागे चार तास उभं राहण्यापेक्षा दहा मीटर बाजूला, वारा जिकडून येतो तिकडे, पॉइंट (उभं राहायची जागा) सरकवला तर जास्त फरक पडतो आणि त्याला पैसेपण लागत नाहीत.

३) ट्रॅफिक आणि बंदोबस्त: ऊन, धूर, आवाज, पाय

एप्रिल-मेमध्ये गोव्याचं तापमान आकड्याने फार दिसत नाही, पण हवेतल्या दमटपणाने घाम सुकत नाही आणि घाम सुकला नाही की शरीर थंड होत नाही. म्हणून ३४ डिग्रीलाही माणूस पडतो. तहान लागायची वाट बघू नका, दर पंधरा-वीस मिनिटांनी एक कप पाणी. ओआरएसचं पाकीट त्यावर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात घालायचं, बहुतेक मोठी पाकिटं एक लिटरची असतात, अर्ध्या बाटलीत ढवळून पिऊ नका. ड्युटीवर निघण्याआधी मिठाची पेज खाऊन निघाल तर उत्तमच, नाक्यावरच्या मिरची भजीपेक्षा कितीतरी बरी.

सहकारी उन्हात असंबद्ध बोलायला लागला, चालताना झोकांड्या खायला लागला तर तो उष्माघात समजायचा. सावलीत घ्या, युनिफॉर्म सैल करा, अंगावर पाणी ओता आणि वारा घाला, बगलेत-मानेला बर्फ लावा, १०८ ला फोन करा. शुद्धीत नसेल तर तोंडात पाणी ओतायचं नाही.

रुमाल तोंडाला बांधल्याने बारीक धूळ अडत नाही. पर्वरीच्या उड्डाणपुलाचं काम सुरू झाल्यावर तिथे उभं राहिलेल्या कोणालाही विचारा. एन-९५ धूळ अडवतो, पण चेहऱ्याला घट्ट बसला तरच, आणि दाढी असली की तो घट्ट बसत नाही. वाहनातला कार्बन मोनॉक्साइड मात्र एन-९५ ने अडत नाही, म्हणून चालू इंजिनाजवळ उभं न राहणं हाच उपाय.

आवाजाचं साधं माप सांगते. हातभर अंतरावरच्या माणसाशी ओरडून बोलावं लागलं तर आवाज ८५ डेसिबलच्या आसपास आहे, तो आठ तासांपर्यंतच ठीक. १०० डेसिबलला कानाला सोसेल असा वेळ फक्त पंधरा मिनिटं. पार्टीच्या किंवा कार्निव्हलच्या बंदोबस्ताला स्पीकरच्या समोर उभं राहू नका, मागे किंवा बाजूला पॉइंट मागा आणि फोमचे इअरप्लग खिशात ठेवा. प्लग आधी बोटांनी चोळून बारीक करायचा, दुसऱ्या हाताने कान वर-मागे ओढायचा, मग आत सरकवून तो फुगेपर्यंत धरून ठेवायचा. नुसता कानात टेकवला तर काही उपयोग नाही.

पाय दुखतात ते सगळ्यांनाच माहीत आहे, पिंडऱ्यांच्या नसा फुगतात. उभ्या उभ्या टाचा वर-खाली करा, ब्रेकमध्ये पाय उंचावर ठेवा, फुगलेल्या नसा दिसल्या तर डॉक्टरांना विचारून पायाला दाब देणारं स्टॉकिंग घाला.

मुलींनो, तुमच्यासाठी वेगळं. टॉयलेट नाही म्हणून पाणी न पिणं ही आपल्यातली सगळ्यात कॉमन आणि सगळ्यात वाईट सवय. त्यातून युरिन इन्फेक्शन होतं, मुतखडा होतो, आणि उन्हात पाणी कमी पडलं की चक्कर. बंदोबस्ताची ड्युटी लागली की पॉइंटवर जायच्या आधीच विचारायचं, टॉयलेट कुठे आहे आणि रिलीफ कोण देणार, म्हणजे तेवढा वेळ आपल्या जागी कोण उभं राहणार. जुन्या गोव्याच्या फेस्ताला किंवा शिगम्याला मोबाइल टॉयलेट असतात, ती कुठे लावलीत ते आदल्या दिवशीच बघून ठेवा. विचारायला लाज वाटायचं काही कारण नाही, दोन-तीनजणींनी मिळून विचारलं की अधिकारी सोय करतात असा माझा अनुभव आहे.

४) झडती: इथे घाई करायची नाही

किनारपट्टीला ड्युटी असेल तर हे दोनदा वाचा. झडतीत खिशात हात घालायचा नाही. कधीच नाही. आधी स्पष्ट विचारायचं: "खिशात सुई, ब्लेड, टोकदार काही आहे काय?" उत्तर काहीही येवो, खिसे त्यालाच बाहेर उलटे करायला लावायचे. मग तळहात चपटा ठेवून कपड्यावरून दाबत जायचं, घासत सरकवायचा नाही, कारण सुई असेल तर घासताना शिरते. बॅग असेल तर टेबलावर किंवा बॉनेटवर कागद पसरून त्यावर ओतायची. गाडीच्या सीटखाली टॉर्च आणि आरसा, हात नाही. बाईची झडती बाईनेच घ्यायची हे कायद्यातच आहे.

निळे नायट्रिल ग्लोव्हज रक्त अडवतात, सुई अडवत नाहीत. सुईसाठी जाड चामड्याचे किंवा टोचणं अडवणारे ग्लोव्हज लागतात आणि तेसुद्धा पूर्ण भरवशाचे नाहीत. सिरिंज सापडली तर तिचं टोपण परत लावायला जाऊ नका, बऱ्याच सुया तेव्हाच टोचतात. कडक प्लॅस्टिकच्या डब्यात टोक खाली करून टाका, वर लेबल लावा, मुद्देमाल घेणाऱ्याला तोंडीपण सांगा की आत सुई आहे.

टोचलीच तर:

- लगेच वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवा. पिळू नका, चोखू नका, ब्लीच किंवा पेट्रोल लावू नका.
- रक्त डोळ्यात उडालं तर साध्या पाण्याने दहा-पंधरा मिनिटं धुवा.
- वरिष्ठांना फोन करून तिथून थेट बांबोळीला जीएमसीच्या (गोवा मेडिकल कॉलेजच्या) कॅज्युअल्टीत जा, लांब असाल तर म्हापसा किंवा मडगावच्या जिल्हा इस्पितळात. तिथे "पेप पाहिजे" असं म्हणा.

पेप म्हणजे एचआयव्ही होऊ नये म्हणून घ्यायची औषधं. शक्यतो दोन तासांच्या आत सुरू करायची, ७२ तासांनंतर उपयोग नाही, आणि कोर्स २८ दिवसांचा. मध्येच मळमळतं म्हणून लोक सोडतात, सोडू नका, डॉक्टरांना सांगा. "आधी पंचनामा संपवू, मग उद्या बघू" हे इथे चालत नाही, पंचनामा दुसरा माणूस लिहू शकतो. हेपटायटीस बीचा विषाणू तर शरीराबाहेर सुकलेल्या रक्तातही सात दिवस टिकतो, म्हणून वर लसीबद्दल एवढं लिहिलं.

पावडर सापडली तर वास घेऊन किंवा जिभेला लावून बघायचं नाही, आणि एनडीपीएस (अंमली पदार्थ ओळखायच्या) टेस्ट किटमधल्या काही बाटल्यांत जहाल आम्ल असतं, त्यामुळे चष्मा लावून, पंख्यापासून लांब आणि मोकळ्या हवेत.

लॉकअपमधला माणूस सारखा खोकत असेल तर त्याला मास्क द्या, खिडकी उघडी ठेवा. तुम्हाला स्वतःला दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असेल तर टीबीची तपासणी करून घ्या, सरकारात फुकट होते.

५) मुद्देमाल रूम

या खोलीबद्दल कोणी बोलत नाही, कारण तिथे जातो एकच माणूस. पावसात दार उघडलं की आधी वास येतो: ओली गोणपाटं, दारू, बुरशी, मध्येच पेट्रोल. भिंतीला ओल, कपाटामागे काळे डाग आणि खाली ठेवलेल्या खोक्यांचे तळ मऊ झालेले. गांजा किंवा रक्ताचे कपडे ओले असताना प्लॅस्टिकमध्ये बांधले तर आत बुरशी धरते, पुरावाही जातो आणि ते उघडणाऱ्याच्या नाकात बुरशीचे कण जातात. ज्याला दमा आहे त्याचं काही खरं नाही.

काय करायचं:

- ओली वस्तू आधी सावलीत वाळवायची, मग कागदी पाकिटात. वेर्ण्याच्या फॉरेन्सिक लॅबला जाणारा नमुनाही असाच नीट जातो.
- आत शिरण्याआधी दार-खिडकी उघडी ठेवून थोडा वेळ बाहेर थांबायचं, मग एन-९५ आणि ग्लोव्हज घालून आत.
- पेट्रोल, दारू, फटाके, गॅस सिलिंडर एकाच खोलीत ठेवायचे नाहीत. ज्वलनशील मालाची वेगळी व्यवस्था किंवा कोर्टाकडून विल्हेवाटीची परवानगी, हे लेखी मागायचं.
- जमिनीवर काही नाही, सगळं लाकडी पाटांवर किंवा रॅकवर. जड खोकी कमरेच्या उंचीला.
- झाडू मारून धूळ उडवू नका, ओल्या फडक्याने पुसा.

आणि बाहेर लावलेली जप्तीची वाहनं! टायरमध्ये, उलट्या हेल्मेटमध्ये, फुटलेल्या हेडलाइटमध्ये पावसाचं पाणी साचतं आणि डेंगीचा डास अंड्यापासून उडण्यापर्यंत साधारण आठ-दहा दिवसांत तयार होतो. आठवड्यातून एकदा, कुठला तरी एक वार ठरवून, सगळं पाणी ओतून टाकलं की साखळी तुटते. ताडपत्री घातली असेल तर तिच्या खळग्यातलं पाणीपण. गवत वाढलं असेल तर टॉर्च आणि बूट असल्याशिवाय रात्री त्या गाड्यांमध्ये शिरू नका, घोणस, मण्यार तिथेच असतात.

एक्झॉस्ट फॅन, ओल, वायरिंग हे पीडब्ल्यूडीकडे जातं. तोंडी सांगितलेलं तोंडीच राहतं. फोटो चिकटवून एक पानी अर्ज करा: काय बिघडलंय, त्याने माणसाला काय होतंय, काय पाहिजे. इन्वर्ड (आवक) नंबर घ्या, महिन्याने त्याच नंबरचा हवाला देऊन स्मरणपत्र द्या.

६) पाऊस, विहिरी, रान

पुराच्या पाण्यात, गटारात उतरावं लागलं तर लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिस तापाचा) धोका असतो, उंदरांच्या मुतातून येतो तो. पायाला जखम असेल तर झाकून गमबूट घाला. सारखं पाण्यात काम लागणार असेल तर आरोग्य केंद्रात डॉक्सिसायक्लिनबद्दल विचारा, ते डॉक्टरच्या सल्ल्याने घ्यायचं औषध आहे. नंतर महिन्याभरात ताप आला, पोटऱ्या दुखल्या, डोळे लाल झाले तर डॉक्टरांना स्वतःहून सांगा, "मी पाण्यात उतरले होते." हे एक वाक्य नसेल तर साधा ताप म्हणून पॅरासिटामॉल घेऊन घरी पाठवतात.

विहिरीत, सेप्टिक टँकमध्ये, बंद टाकीत माणूस पडला असेल तर मागोमाग उतरू नका. आत ऑक्सिजन कमी असतो किंवा विषारी गॅस असतो आणि वाचवायला उतरलेला दुसरा, तिसरा असे एकामागोमाग जातात. अग्निशमन दल १०१, त्यांच्याकडे श्वसनयंत्र असतं. डिचोली, सांगेकडच्या पाण्याने भरलेल्या खाण-खंदकांच्या कडा ढासळतात, तिथेही दोराशिवाय काठावर जाऊ नका.

सत्तरीत पोस्टिंग असेल तर माकडताप लक्षात ठेवा, २०१५ पासून तिथे रुग्ण सापडलेत. गोचिडीतून पसरतो, साधारण डिसेंबर ते मे. रानात पूर्ण बाह्या, पँट सॉक्समध्ये खोचलेली, गोचीड दूर ठेवणारं तेल, आल्यावर गरम पाण्याने अंघोळ. मेलेलं माकड दिसलं तर हात न लावता आरोग्य केंद्राला कळवा.

७) फायरिंग रेंज

थोडक्यात. कानात प्लगपण आणि वरून कान झाकणारा मफपण, दोन्ही. रेंजवर खाऊ नका, पिऊ नका, कारण हाताला शिसं लागलेलं असतं. संपल्यावर थंड पाण्याने साबण लावून हात-तोंड धुवा, युनिफॉर्म घरच्या कपड्यांत मिसळू नका. गरोदर असाल किंवा बाळाला पाजत असाल तर सूट मागा, शिसं बाळापर्यंत पोचतं. फायरिंगनंतर दुसऱ्या दिवशीही कानात गुणगुण राहिली तर ईएनटीकडे जा.

८) झोप आणि मन

सतरा तास जागं राहिल्यावर माणसाची प्रतिक्रिया रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असल्यासारखी मंदावते. आपण ज्या मर्यादेवर लोकांना अल्कोमीटर लावून पकडतो ती १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम आहे, म्हणजे ०.०३ टक्के. आता डबल ड्युटी करून मडगावहून पेडण्याला स्कूटरने जाणाऱ्या आपल्याच माणसाचा विचार करा. नाइट संपली की वीस मिनिटं स्टेशनलाच डोळा लावा मग निघा, नाहीतर बसने जा. घरी खोली अंधारी करा आणि फोन सायलेंटवर ठेवून घरच्यांकडे द्या.

अपघातातलं लहान मूल, समुद्रातून काढलेला मृतदेह, हे पहिल्यांदा बघितल्यावर झोप उडणं, तेच डोळ्यांसमोर येणं स्वाभाविक आहे. महिन्याभराने पण तेच चालू असेल, चिडचिड वाढली असेल, रोज संध्याकाळी पेग लागायला लागला असेल तर बांबोळीच्या आयपीएचबीत (मानसोपचाराचं सरकारी इस्पितळ) दाखवा, किंवा टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला १४४१६ वर कधीही फोन करा, फुकट आहे, २४ तास. स्वतःचं बरंवाईट करायचे विचार येत असतील तर हत्यार लगेच जमा करा आणि सोबत कोणालातरी थांबायला सांगा. सहकाऱ्याबद्दल तसं वाटलं तर त्याला सरळ विचारा, विचारल्याने विचार डोक्यात शिरत नाहीत. डॉक्टरकडचं डॉक्टरकडेच राहतं, २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा तसं सांगतो.

९) काही झालंच तर: त्याच दिवशी करायचे कागद

सगळ्यात मोठा सापळा कॅज्युअल्टीत असतो. डॉक्टर विचारतात कसं लागलं, आणि नंतरची लफडी नकोत म्हणून लोक सांगतात "घरी पडलो". ते केसपेपरवर उतरतं आणि पुढे प्रत्येक टेबलवर तेच वाचलं जातं. खरं सांगा: ड्युटीवर, अमुक ठिकाणी, अमुक वाजता. डॉक्टरने काय लिहिलं ते निघण्याआधी वाचून बघा.

मग स्टेशन डायरीत एंट्री. स्वतः जाता येत नसेल तर सोबतच्या माणसाला फोन करून करायला लावा आणि एंट्री नंबर लिहून घ्या. त्यानंतर पीआयना (पोलिस इन्स्पेक्टरना) अर्ज, दोन प्रतीत, एकीवर इन्वर्डचा शिक्का. मराठीत करा, इंग्रजीत करा, पण एवढं त्यात यायलाच पाहिजे:

"मी, बक्कल नंबर …, दिनांक … रोजी … ते … या वेळेत … येथे … ड्युटीवर असताना, … वाजता … करत असताना मला … दुखापत झाली. त्या वेळी … व … हजर होते. स्टेशन डायरी एंट्री नंबर … . मी … इस्पितळात उपचार घेतले, केसपेपर सोबत जोडला आहे. सदर दुखापत कर्तव्यावर असताना झाल्याची नोंद माझ्या सेवा-रेकॉर्डला घ्यावी."

शेवटचं वाक्य गाळू नका. त्याच्यासाठीच अर्ज आहे.

फाइलला ठेवायचे कागद:

- त्या दिवसाचा ड्युटी चार्ट
- डायरी एंट्रीची कॉपी
- शिक्क्याचा अर्ज
- केसपेपर, रिपोर्ट, डिस्चार्ज कार्ड
- मूळ बिलं (झेरॉक्स काढून मगच मूळ द्या, शाई उडते)
- जागेचा फोटो
- हजर असलेल्यांची नावं

टोचणं किंवा रक्त उडणं असेल तर त्याच दिवशीचा स्वतःचा रक्ताचा रिपोर्टपण घ्या. त्या दिवशी निगेटिव्ह होता हे दाखवता आलं नाही तर पुढच्या रिपोर्टने काहीच सिद्ध होत नाही. रजा कुठल्या नियमाखाली धरायची हे आस्थापना विभागात लेखी विचारा, विचारल्याशिवाय ती तुमच्या साध्या रजेतून कापली जाऊ शकते, आणि कायमचं अपंगत्व आलं असेल तर वेगळ्या पेन्शनचा प्रश्नही तिथेच येतो.

हळूहळू येणाऱ्या आजारांना, म्हणजे कान, कंबर, दमा, एक ठरावीक दिवस नसतो. त्यांच्यासाठी सगळ्या पोस्टिंगच्या ऑर्डर जपा आणि दरवर्षी तोच तपासणीचा संच परत करा. बदलीची ऑर्डर आली की रिलीव्ह व्हायच्या आधी जुन्या स्टेशनच्या डायरी एंट्रीच्या कॉप्या रायटरकडून (स्टेशनची लिखापढी सांभाळणाऱ्याकडून) घेऊन ठेवा, दोन वर्षांनी परत जाऊन जुनं रजिस्टर शोधायला लावणं फार कठीण जातं.